रक्तदात्याचा होकार मूलपेशीदानापर्यंत टिकतो का?

सातारा जिल्ह्यातील एका गणेश मंडळाच्या कार्यकर्त्याने विचारलेला प्रश्न असा आहे: "आमचे मंडळ गेली अकरा वर्षे गणेशोत्सवात रक्तदान शिबिर घेते. दर वर्षी दीडशे-पावणेदोनशे बाटल्या रक्त जमा होते. यंदा गावातील एका मुलाला रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले असून त्याच्यासाठी मूलपेशीदाता हवा आहे. जे लोक दर वर्षी न चुकता रक्त देतात ते मूलपेशी देण्यासही तयार होतील, असे आम्हाला वाटते. शिबिरातच त्यांची नोंदणी करावी का? किती जण तयार होतील? आणि त्यांना नेमके काय सांगावे?"

मी रक्तसंक्रमणशास्त्राची डॉक्टर असून तेवीस वर्षे रक्तपेढीत काम करते आहे. गेली बारा वर्षे शिबिरांबरोबरच मूलपेशी, म्हणजे हाडांच्या पोकळीतील रक्त तयार करणाऱ्या पेशी, यांच्या संकलनाचे कामही माझ्याकडे आहे. त्या अनुभवावरून सांगते, की तुमचा अंदाज अर्धा बरोबर आहे. नियमित रक्तदाता इतरांपेक्षा लवकर नाव नोंदवतो, आणि बहुधा मनापासून नोंदवतो. परंतु नाव नोंदवणे वेगळे आणि काही वर्षांनी बोलावणे आल्यावर प्रत्यक्ष दान करणे वेगळे. रुग्णाला उपयोग होतो तो प्रत्यक्ष दानाचाच. त्यामुळे शिबिराच्या दिवशी किती जण तयार होतील यापेक्षा त्यांपैकी किती जण पाच-सात वर्षांनीही तयार असतील, हा प्रश्न मला मोठा वाटतो, आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी तुम्ही शिबिरात काय सांगता यावर अवलंबून राहील.

प्रथम गावातील त्या मुलाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. मूलपेशींची जुळणी रक्तगटावरून होत नाही. ती एचएलए नावाच्या, पेशींच्या पृष्ठभागावरील ओळखखुणांवरून होते. या खुणांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना लागून असतात आणि सहसा एकगठ्ठा वारशाने येतात. प्रत्येक मुलाला एक गठ्ठा आईकडून आणि एक वडिलांकडून मिळतो. म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक असते. घरात एक-दोनच मुले असण्याच्या आजच्या काळात बहुतेक रुग्णांना घरात पूर्ण जुळणारा दाता सापडत नाही, आणि मग अनोळखी दात्यांच्या नोंदवहीकडे वळावे लागते. तेथे एखाद्या रुग्णासाठी हजारो, कधी लाखो नावे चाळावी लागतात. तुमच्या शिबिरातील पावणेदोनशे जणांपैकी कोणी नेमका त्याच मुलाशी जुळेल, ही आशा जवळजवळ शून्य आहे, आणि नोंदणीपूर्वी लोकांना हे सांगणे आवश्यक आहे.

मी या गोष्टीवर इतका भर देते याला कारण आहे. एखाद्या ओळखीच्या मुलासाठी म्हणून ज्या शिबिरांत नोंदणी होते, तेथे गर्दी सर्वाधिक असते आणि पुढे गळतीही सर्वाधिक होते, असे मी वारंवार पाहिले आहे. गावच्या मुलासाठी हात पुढे करणाऱ्या माणसाने मनातल्या मनात त्या एकाच मुलाला शब्द दिलेला असतो. त्याची जुळणी झाली नाही, की त्याच्या दृष्टीने तो विषय संपतो. चार वर्षांनी भलत्याच शहरातील एखाद्या अनोळखी रुग्णासाठी फोन येतो तेव्हा तो प्रामाणिकपणे गोंधळतो: "मी तर आमच्या गावच्या पोरासाठी नाव दिले होते." त्याला दोष देता येत नाही, कारण त्याला पूर्ण गोष्ट कोणी सांगितलेलीच नसते. रक्तदान करताना बाटली कोणाला जाणार हे आपल्याला ठाऊक नसते आणि आपण ते विचारतही नाही; रक्तदात्याची ही सवय मूलपेशीदानाला फार उपयोगी पडते. फक्त ती सवय जागी करून द्यावी लागते, आणि एका मुलाच्या फोटोभोवती सगळे आवाहन बांधले की नेमकी तीच झाकोळते.

आता मोठ्या चित्राकडे पाहू. भारतातील पहिले अस्थिमज्जा (हाडांच्या पोकळीतील, मूलपेशी असलेला मऊ भाग) प्रत्यारोपण मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी होती आणि दाता तिचा भाऊ. त्या काळी भावंड जुळले तरच पुढचा रस्ता होता. लंडनमध्ये अँथनी नोलन यांच्या नावाची अनोळखी दात्यांची नोंदवही १९७४ मध्ये सुरू झाली होती, जर्मनीत डीकेएमएस १९९१ मध्ये उभी राहिली, आणि आपल्याकडे चेन्नईत दात्री २००९ मध्ये स्थापन झाली. जगभरातील नोंदवह्यांत मिळून आज चार कोटींहून अधिक दाते आहेत. भारतातील दाते त्यांत काही लाखच आहेत. ही तफावत मराठी रुग्णाला थेट भोवते. एचएलएच्या खुणा वंशपरंपरेने येतात, आणि आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या जातीत, पोटजातीत आणि बहुतेकदा जवळच्या चार-दोन तालुक्यांतच सोयरिकी होत आल्या असल्याने काही गठ्ठे ठरावीक समूहांत वारंवार आढळतात आणि बाहेर क्वचितच. जर्मनीतील दात्यांची संख्या कितीही वाढली तरी जव्हारच्या आदिवासी मुलाला किंवा माणदेशातील धनगर कुटुंबातील मुलीला तिचा फारसा लाभ नाही. त्यांचा दाता बहुधा त्यांच्याच आसपासच्या समाजातून येणार, आणि त्या समाजापर्यंत आज जी माणसे पोहोचतात त्यांत रक्तदान शिबिरे घेणारी तुमच्यासारखी मंडळे आघाडीवर आहेत.

रक्तदाते या कामाला योग्य का, याची कारणे साधी आहेत. सुईची भीती त्यांनी केव्हाच मागे टाकलेली असते. दर खेपेस वजन, हिमोग्लोबिन, रक्तदाब पाहून आणि एचआयव्ही, कावीळ यांसारख्या संसर्गांची तपासणी होऊन गेलेली असल्याने त्यांच्या प्रकृतीची ढोबळ कल्पना आधीच असते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे "मी रक्तदाता आहे" ही त्यांची स्वतःविषयीची ओळख बनलेली असते. काही देशांनी या नात्याचा पद्धतशीर उपयोग करून घेतला आहे. ब्रिटिश बोन मॅरो रजिस्ट्री १९८७ मध्ये स्थापन झाली तीच रक्तदात्यांतून दाते निवडण्याच्या तत्त्वावर, आणि जपानमध्ये रक्तदान केंद्रांतच रेड क्रॉसच्या मदतीने मूलपेशीदात्यांची नोंदणी होते. महाराष्ट्र ऐच्छिक रक्तदानात देशातील आघाडीच्या राज्यांपैकी एक आहे. गावोगावी शिबिरे घेणारे एवढे मोठे जाळे हाताशी असूनही आपण त्याचा या कामासाठी पुरेसा उपयोग केलेला नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

मग होकार तुटतो कुठे? माझ्या मते पहिला तुटण्याचा बिंदू काळाचा आहे. रक्तदान अर्ध्या-पाऊण तासात पूर्ण होते; चहा-बिस्किटे घेऊन माणूस घरी जातो आणि केलेल्या गोष्टीचे समाधान त्याच दिवशी त्याच्या पदरात पडते. मूलपेशीदात्याची नोंदणी त्याहूनही लवकर उरकते, कारण गालाच्या आतून कापसाच्या काड्या फिरवून नमुना घेतला की झाले. पण त्या दिवशी कोणाला काहीच मिळालेले नसते. तो साधारण साठीपर्यंत टिकणारा शब्द असतो, आणि बहुतेकांच्या वाट्याला त्याचे बोलावणे आयुष्यात एकदाही येत नाही. येते तेव्हा दात्याचे लग्न झालेले असते, नोकरी बदललेली असते, फोन नंबर बदललेला असतो. बाविसाव्या वर्षी एकट्याने दिलेला होकार तिसाव्या वर्षी आई, पत्नी किंवा पती, सासू-सासरे आणि कचेरीतील साहेब अशा पाच-सहा जणांच्या पसंतीवर येऊन ठेपतो.

एक प्रसंग मी विसरू शकत नाही. तिसापेक्षा अधिक वेळा रक्तदान केलेला एक तरुण जुळला. फोनवर त्याने लगेच होकार दिला, खात्रीच्या तपासणीसाठी रक्ताचा नमुनाही दिला. पुढच्या भेटीला तो आईला घेऊन आला आणि आईने एकच प्रश्न विचारला, "मणक्यात सुई घालणार ना?" आम्ही तासभर समजावले, तरी त्यांच्या मनातील धास्ती गेली नाही आणि मुलाने नाव मागे घेतले. मी त्या माउलीला आजही चुकीचे ठरवत नाही. तिच्या मुलाने नोंदणी केली होती, हे तिला त्या आठवड्यापर्यंत कोणी सांगितलेलेच नव्हते. तेव्हापासून माझ्या शिबिरांत मी नोंदणी करणाऱ्या प्रत्येकाला सांगते, की आज घरी गेल्यावर जेवताना ही गोष्ट काढा, आणि घरचे नाही म्हणाले तर आम्हाला उद्याच कळवा.

शब्दांचा गोंधळही मोठा आहे. "बोन मॅरो" म्हटले की लोकांना पाठीचा कणा आठवतो, आणि "मूलपेशी" म्हटले की अनेक जण लहान मुलांच्या पेशी असा अर्थ घेतात, कारण नाळेतील रक्त साठवणाऱ्या खासगी कंपन्यांच्या जाहिराती त्यांनी पाहिलेल्या असतात. गुडघ्यापासून मधुमेहापर्यंत सर्व काही "स्टेम सेल"ने बरे करण्याचा दावा करणारे दवाखानेही त्यांच्या कानावर आलेले असतात. म्हणून मी या शब्दांपासून सुरुवातच करत नाही. मी सांगते, की हाडांच्या पोकळीत रक्त तयार करणारा कारखाना असतो. काही आजारांत, म्हणजे रक्ताचे काही कर्करोग, अप्लास्टिक ॲनिमिया, थॅलेसेमिया यांत तो कारखाना बिघडतो किंवा बंद पडतो. आणि तुमच्या कारखान्याचे थोडे बियाणे त्या रुग्णाच्या शरीरात पेरले तर तेथे नवा कारखाना उभा राहतो. शेतकरी श्रोत्यांना बियाण्याची उपमा चटकन समजते. बियाणे दिल्याने देणाऱ्याचे शेत ओस पडत नाही, हेही मग वेगळे सांगावे लागत नाही.

प्रत्यक्ष दान कसे होते ते मात्र जसे आहे तसे सांगितले पाहिजे. त्यात साखर घोळू नये. आज बहुतेक दाने रक्तातूनच होतात. दात्याला चार-पाच दिवस रोज जी-सीएसएफ नावाचे इंजेक्शन त्वचेखाली देतात, त्यामुळे मूलपेशी हाडांतून रक्तात उतरतात. या दिवसांत कंबर, मांड्या, बरगड्या ठणकतात, डोके दुखते, फ्लू झाल्यासारखे वाटते. साध्या वेदनाशामक गोळीने ते बहुतेकांना सुसह्य होते आणि इंजेक्शने थांबल्यावर थोड्याच दिवसांत जाते. क्वचित प्रसंगी प्लीहेला सूज येऊन गंभीर त्रास होऊ शकतो, म्हणून दात्याची आधी पूर्ण तपासणी होते आणि त्या काळात त्याच्यावर लक्ष ठेवले जाते. पाचव्या दिवशी एका हातातून रक्त यंत्रात जाते, मूलपेशी वेगळ्या होतात आणि उरलेले रक्त दुसऱ्या हातातून परत येते. याला चार-पाच तास लागतात, कधी दुसऱ्या दिवशीही बसावे लागते. थोड्या दात्यांकडून थेट अस्थिमज्जा घेतली जाते. तेव्हा भूल देऊन कमरेच्या मागच्या बाजूच्या हाडातून, म्हणजे ज्या हाडावर आपण पट्टा बांधतो त्यातून, सुईने ती काढतात. मणक्याला हात लागत नाही. काही दिवस कंबर दुखते आणि काढलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते. दात्याला यासाठी खर्च करावा लागत नाही आणि मोबदलाही मिळत नाही.

यापुढची गोष्ट शिबिरात सांगायला कार्यकर्ते कचरतात, पण ती सर्वांत आवश्यक आहे. प्रत्यारोपणाच्या साधारण आठवडाभर आधी रुग्णाला तीव्र औषधे देऊन त्याची स्वतःची बिघडलेली मज्जा नष्ट केली जाते. त्यानंतर दाता मागे फिरला, तर रुग्णाच्या शरीरात रक्त तयार करणारे काहीच उरलेले नसते. दात्याला कोणत्याही क्षणी नाही म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि तो कोणी हिरावून घेऊ नये. तरीही नाही म्हणायचे असेल तर ते नोंदणीच्या टेबलावर किंवा पहिल्या फोनवर म्हणावे, हे प्रत्येकाला कळलेच पाहिजे. हे ऐकून तुमच्या पावणेदोनशे दात्यांपैकी निम्मे उठून गेले तरी मी ते शिबिर यशस्वी मानेन. अमेरिकेत पिट्सबर्ग येथील गेलन स्वित्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा दात्यांच्या मनःस्थितीचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. दात्याच्या मनातील द्विधा जितकी अधिक, तितकी त्याची माघार घेण्याची शक्यता अधिक, हा त्यातील निष्कर्ष माझ्या अनुभवाशी तंतोतंत जुळतो. ती द्विधा नोंदणीच्या दिवशीच दिसते: माणूस मित्राकडे पाहून फॉर्म भरतो, फोन नंबर विचारला की घुटमळतो, "किती वेळ लागेल" एवढेच विचारतो. ज्याच्या मनात नक्की असते तो उलट अडचणीचे प्रश्न विचारतो, म्हणजे रजा मिळेल का, नंतर शेतात काम करता येईल का, मला मुले होण्यात काही अडथळा येईल का. असे प्रश्न विचारणाऱ्याला मी निश्चिंतपणे नोंदवते. दानामुळे मूल होण्यात अडथळा येत नाही, हेही येथेच सांगून टाकते.

वयाविषयी एक अवघड गोष्ट आहे. माझ्या शिबिरांत सर्वांत उत्सुक असतात ते पन्नाशी ओलांडलेले, शंभराच्या आसपास वेळा रक्त दिलेले गृहस्थ. रक्तदान त्यांना ६५ वर्षांपर्यंत करता येते, पण मूलपेशीदानासाठी नाव नोंदवण्याची मर्यादा संस्थेनुसार साधारण पन्नास-पंचावन्नला संपते. आणि दाता जितका तरुण तितके प्रत्यारोपणाचे निकाल चांगले, म्हणून रुग्णालये अठरा ते पस्तीस वयोगटातील दात्यांना प्राधान्य देतात. नकार ऐकताना त्या ज्येष्ठ दात्यांचे उतरलेले चेहरे पाहून वाईट वाटते. अलीकडे मी त्यांना टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसवते आणि तरुणांशी बोलायला सांगते. चाळीस वर्षे रक्त देऊनही धडधाकट असलेला माणूस समोर बसून सांगतो, तेव्हा ते माझ्या पांढऱ्या कोटापेक्षा अधिक पटते.

स्त्रियांच्या बाबतीत आपण फार काही गमावतो. १२.५ पेक्षा कमी हिमोग्लोबिन असल्याने शिबिरातून कितीतरी मुली रक्त न देताच परत जातात आणि पुन्हा येत नाहीत. मूलपेशीदात्याच्या नोंदणीसाठी त्या दिवशीचे हिमोग्लोबिन आड येत नाही. सविस्तर तपासणी जुळणी झाल्यावरच होते. अशा मुलीला लोहाच्या गोळ्यांबद्दल सल्ला द्यावा आणि इच्छा असेल तर नोंदणीही करू द्यावी. लग्नानंतर नाव, पत्ता, नंबर हे तिन्ही बदलतात, म्हणून तिच्याकडून माहेरचा एक कायमचा नंबर आवर्जून घ्यावा.

तुमच्या परिसरात डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट देणारे, म्हणजे एसडीपी दाते असतील, तर त्यांच्यापासून सुरुवात करा. ते तासभर किंवा त्याहून अधिक वेळ अशाच यंत्रावर बसलेले असतात, रक्त बाहेर जाऊन परत येते याचे त्यांना नवल उरलेले नसते, आणि रात्री अकरा वाजता आलेल्या फोनवर ते निघून आलेले असतात. मला मिळालेले सर्वांत खात्रीचे मूलपेशीदाते याच लोकांतून आले आहेत.

अर्ध्या जुळणीवर आई-वडील किंवा भावंडांकडून मूलपेशी घेऊन केलेले प्रत्यारोपण आता अनेक केंद्रांत होते, मग अनोळखी दात्याची गरज उरली आहे का, असेही कोणी विचारेल. ती पद्धत खरोखर उपयोगी आहे, आणि तुमच्या गावातील मुलाच्या डॉक्टरांनी कदाचित तिचा विचार सुरूही केला असेल. तरीही काही रुग्णांना घरात योग्य दाता नसतो, काहींच्या शरीरात घरच्या दात्याविरुद्ध प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) असतात, आणि काही आजारांत पूर्ण जुळणारा तरुण दाता मिळाला तर डॉक्टर त्यालाच पसंती देतात. गरज बदलली आहे, संपलेली नाही.

तर, शिबिरात नोंदणी करावी का? करावी, पण रक्तदानाच्या रांगेत नको. रक्त देऊन, विश्रांती घेऊन, चहा घेताना माणूस निवांत असतो. त्या जागेजवळ वेगळे टेबल ठेवा आणि तेथे घाई करू नका. रक्तदानाला तुम्ही देत असलेली बॅग किंवा हेल्मेट या टेबलावर मुळीच ठेवू नका, आणि किती नोंदण्या झाल्या याचा आकडा फलकावर लावू नका, कारण आकडा वाढवण्याच्या भरात मनातून तयार नसलेली माणसेही फॉर्म भरतात. शिबिराच्या आठ-दहा दिवस आधी गावात एक संध्याकाळ केवळ या विषयासाठी ठेवा आणि घरातील बायका-माणसांना मुद्दाम बोलवा, कारण पुढे निर्णय तेथेच होणार आहे. नोंदणी दात्री किंवा डीकेएमएससारख्या संस्थेमार्फत करा, म्हणजे नमुन्याची तपासणी, माहितीची गोपनीयता आणि जगभरच्या शोधाशी जोडणी यांची काळजी घेतली जाते. किती जण तयार होतील याचा आकडा मी देणार नाही. पंचवीस-तीस जण नीट समजून नाव देतील तर ते पुष्कळ आहे.

मंडळाने स्वतःकडे ठेवण्यासारखे एकच काम आहे. दर वर्षीच्या शिबिरात आधी नोंदणी केलेल्यांना दोन प्रश्न विचारा: नंबर तोच आहे का, आणि मन तेच आहे का. दोन्हींपैकी काही बदलले असेल तर त्याच दिवशी त्यांच्याकडूनच संस्थेला कळवून घ्या.